मॅडम, मुलाला रोज किती तास बसवू?

मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. नीटची तयारी करणाऱ्या मुलांचे आईवडील मला सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारतात: मॅडम, रोज किती तास बसवू? दहा पुरतील की बारा करू? शेजारचा मुलगा चौदा तास बसतो म्हणे. या प्रश्नामागे काळजी असते, पोटाला चिमटा काढून भरलेली फी असते, म्हणून त्याचं उत्तर आडवळणाने देऊ नये. तासांवर गुणांची हमी मिळत नाही. बारा-बारा तास बसूनही साडेतीनशेच्या पुढे न सरकणारी मुलं असतात आणि सात तासांत नेटका अभ्यास करून सरकारी कॉलेजला लागणाऱ्या मुलीही असतात. शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

म्हणून कमी अभ्यास करून भागतं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. एनसीईआरटीची फिजिक्सची चार, केमिस्ट्रीची चार आणि बायोची दोन जाडजूड पुस्तकं दोन वर्षांत अंगात मुरवायची आहेत. ते रोज दोन तासांत होणारं काम नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला सुरुवातीला दुप्पट वेळ लागतो. त्याने पहिले काही महिने जास्त तास द्यायलाच हवेत आणि त्यात कमीपणा काही नाही. (नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, फॉर्म भरताना भाषा निवडायची असते. पण दोन वर्षं इंग्रजीतून शिकायचं आणि ऐनवेळी मराठी पेपर घ्यायचा, असं करू नका. ज्या भाषेत सराव, त्याच भाषेत पेपर.) तास लागतातच. माझं म्हणणं एवढंच आहे की तास ही अभ्यासाची किंमत आहे, अभ्यासाचं माप नाही, आणि आपल्या घराघरांत माप म्हणून तेच वापरलं जातं.

आधी परीक्षेचं गणित समजून घ्या, कारण हमीचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. २०२५ साली २२ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी कॉलेजांतल्या. पास होण्याची ही परीक्षा नव्हे, रांगेत पुढे राहण्याची आहे. लातूर, नांदेड, कोटा, पुणे, सगळीकडच्या सगळ्या मुलांनी उद्यापासून दोन-दोन तास वाढवले तरी जागा एकही वाढत नाही. वाढतो तो फक्त मुलांचा थकवा.

आणि 'चांगले गुण' म्हणजे तरी किती? २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. फिजिक्सच्या एका प्रश्नावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सुधारित निकालात ती संख्या १७ वर आली. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, फिजिक्सचा पेपर इतका अवघड आला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले आणि सरकारी कॉलेजांचा कट ऑफ शंभराहून जास्त गुणांनी खाली उतरला. दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम तोच होता. २०२५ च्या मुलांनी काही कमी तास अभ्यास केला नव्हता. तेव्हा 'एवढे तास बसलास तर साडेसहाशे' असं कुणी सांगत असेल तर त्याला पेपर कसा येणार हे आधीच कळलेलं असलं पाहिजे, आणि ते कुणालाच कळत नाही.

चौकातल्या फ्लेक्सवर जे चेहरे झळकतात त्यांच्यातलं कुणीतरी मुलाखतीत सांगतं, मी चौदा तास अभ्यास करायचो. ते खरंही असेल. पण चौदा तास बसूनही ज्याला जागा मिळाली नाही त्याची मुलाखत कुणी घेत नाही, त्याचा फ्लेक्स लागत नाही. ती मुलं संख्येने कितीतरी जास्त असतात. त्यांना बाजूला ठेवून चौदा तासांचा नियम बनवणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

आता त्या तासाच्या आत काय घडतं ते पाहू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

अभ्यासिकेत बसलेला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. समोर अकरावीच्या बायोचं पुस्तक, उत्सर्जनाचा धडा. पान हायलायटरने पिवळं, त्यावर गुलाबी, कडेला पेनने बाण. 'चार रिव्हिजन झाल्या मॅडम,' तो सांगतो, आणि खोटं सांगत नाही. अशा मुलाला मी पुस्तक मिटायला सांगते आणि कोरा कागद पुढे करते: नेफ्रॉनची आकृती काढ आणि प्रत्येक भागापाशी काय आत जातं, काय बाहेर येतं ते लिही. ग्लोमेरुलस येतो. बोमनची कॅप्सूल येते. पीसीटीची गुंडाळी येते, तिथे 'पोषकद्रव्यांचं शोषण' एवढं लिहिलं जातं. पाणी आणि क्षार सत्तर-ऐंशी टक्के तिथेच परत घेतले जातात हा आकडा सुटतो. मग हेन्लेच्या लूपपाशी पेन थांबतं. उतरत्या बाजूतून पाणी बाहेर पडतं की क्षार? तो वर बघतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, 'डाव्या पानावर आहे मॅडम, खालून तिसऱ्या-चौथ्या ओळीत.' ओळ कुठे आहे ते आठवतं, ओळीत काय आहे ते आठवत नाही. उतरती बाजू पाण्याला वाट देते आणि क्षारांना जवळजवळ अडवते, चढती बाजू याच्या उलट. पुस्तकात हे दोनच वाक्यांत आहे आणि प्रश्न अगदी याच दोन वाक्यांची अदलाबदल करून येतो.

या मुलाने या धड्याला चार रिव्हिजनचे मिळून सहा-सात तास दिलेले असतात. आई घरी सांगते, पोरगा मान वर करत नाही. तेही खरंच. पण चार वेळा डोळ्यांखालून गेलेला मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीचा वाटला की 'येतं' असं वाटतं. परीक्षेत चारही पर्याय ओळखीचेच असतात. तिथे ओळख कामाला येत नाही, आठवावं लागतं.

याच धड्याला वेगळ्या रीतीने किती वेळ लागेल? एकदा नीट, समजून वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं काढा, लिहा. मग पुस्तक उघडून लाल पेनने सुटलेलं आणि चुकलेलं भरा. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, पण या वेळी फक्त लाल पेनचा भाग. मग आठवड्याने, मग महिन्याने. दर वेळी वेळ कमी कमी लागत जातो. सगळं मिळून तीन-साडेतीन तासांच्या वर जात नाही. मुलं हे टाळतात, त्याचं कारण आळस नाही. कोरा कागद समोर आला की काय येत नाही ते लख्ख दिसतं आणि ते दिसणं जिवाला लागतं. पुस्तक पुन्हा वाचताना असं काही होत नाही, उलट बरं वाटतं. म्हणूनच मुलं तिकडे वळतात.

हे माझं एकटीचं मत नव्हे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर चारदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६० च्या थोडं वर. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कुणाला होती? चारदा वाचणाऱ्यांना. वेळ दोघांचा सारखाच गेला होता. याच्या आदल्या वर्षी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांचे अभ्यासाचे तास आणि गुण ताडून पाहिले होते. नुसत्या तासांवरून गुणांचा अंदाज बांधता आला नाही. अभ्यास कसा केला आणि मूळचा पाया किती होता, हे धरल्यावरच तासांना अर्थ आला.

फिजिक्सचं दुखणं थोडं निराळं आहे आणि ते सगळ्यात महागात पडतं. मुलं एक धडा धरतात, समजा वर्तुळाकार गती, आणि त्याची साठ गणितं एका बैठकीत सोडवतात. पहिली पाच सोडवताना डोकं लागतं. पुढची पंचावन्न हात सोडवतो, कारण कुठलं सूत्र लावायचं हे धड्याच्या नावानेच सांगून टाकलेलं असतं. परीक्षेत प्रश्नावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. हा ऊर्जेने सोडवायचा की बलाने, हे ठरवणं हीच तिथली निम्मी लढाई असते, आणि तिचा सराव त्या साठ गणितांत झालेलाच नसतो. रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या गणितांवर हेच तपासलं. एकाच प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांना सरावाच्या वेळी ८९ टक्के जमली, मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ वर राहिले. तेव्हा नवा धडा शिकताना सलग वीस गणितं ठीक आहेत. त्यानंतरची चाळीस आधीच्या पाच-सहा धड्यांत मिसळून सोडवा. मिसळल्यावर मार्क कमी पडतील, मुलाचा चेहरा उतरेल. पालकांनो, त्या वेळी 'काल तर येत होतं' असं म्हणू नका. काल येत होतं असं नुसतं वाटत होतं.

टेस्टबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तास वाया जाण्याची सगळ्यात मोठी जागा तीच. दर रविवारी टेस्ट होते, संध्याकाळी मार्क मोबाईलवर येतात, घरात आनंद नाहीतर सुतक होतं, आणि सोमवारी नवा धडा सुरू. पेपर गादीखाली जातो. तीन तास टेस्ट दिली आणि त्यातून काहीच घेतलं नाही. टेस्ट दिल्यावर तेवढाच वेळ ती उसवण्यात घालवली नाही तर ती न दिल्यासारखीच. त्यासाठी साधी दोनशे पानी वही लागते. चुकलेला प्रत्येक प्रश्न लिहायचा आणि पुढे कारण लिहायचं. 'सिली मिस्टेक' हा शब्द त्या वहीत चालणार नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. धडा वाचलाच नव्हता का? वाचला होता पण आठवला नाही का? 'अयोग्य विधान ओळखा' मधला 'अयोग्य' डोळ्यांतून निसटला का? उत्तर बरोबर काढलं आणि ओएमआरवर पुढच्या प्रश्नाचा गोळा काळा केला का? एककं बदलायची राहिली का? तीन-चार टेस्टनंतर ती वही स्वतःच बोलू लागते. एखाद्या मुलीचे वीसेक गुण दर वेळी 'अयोग्य विधान' वाचण्यातच जात असतात. तिला आणखी दोन तास अभ्यासाला बसवून ते परत येणार नाहीत. 'अयोग्य' शब्दाला पेनने गोल करण्याची सवय लावली तर येतील.

निगेटिव्ह मार्किंगबद्दलही गैरसमज फार आहेत. बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला वजा एक. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक लावला तर हिशेबाने सरासरी पाव गुण मिळतो, म्हणजे नुकसान होत नाही, फायदाही नगण्य. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर लावणं सरासरीने दीड गुणाच्या फायद्याचं आहे, तिथे घाबरून सोडू नये. खरं नुकसान होतं ते 'मला येतं' म्हणून बिनधास्त लावलेल्या आणि चुकलेल्या प्रश्नांचं. तिथे मिळू शकणारे चार जातात आणि वर एक जातो, असे पाच. म्हणून टेस्टमध्ये उत्तर लावताना प्रश्नाशेजारी छोटी खूण करा: खात्री, अर्धी खात्री, अंदाज. नंतर 'खात्री'ची खूण असलेले पण चुकलेले प्रश्न वेगळे काढा. तुमचा पुढच्या आठवड्याचा अभ्यास तोच.

२०२५ पासून पेपर १८० मिनिटांत १८० प्रश्नांचा झाला आहे: फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायो ९०. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, गोळा भरण्यासकट. बायोचे नव्वद प्रश्न पंचेचाळीस-पन्नास मिनिटांत आटोपले तरच फिजिक्सला श्वास घ्यायला जागा मिळते. ही चपळाई नुसतं वाचून येत नाही, घड्याळ लावून सोडवल्यानेच येते. आणि पेपर असतो दुपारी दोन ते पाच, मे महिन्याच्या उन्हात. रात्री तीनपर्यंत जागून दुपारी दोन वाजता पेंगण्याची सवय लागलेल्या मुलाला त्या दिवशी शरीर साथ देणार नाही. मार्च-एप्रिलमधल्या टेस्ट तरी दुपारी दोन ते पाच याच वेळेत, पंख्याखाली, ओएमआर भरून द्या.

झोपेवर मला थोडं कठोर व्हायचं आहे. चौदा तासांचा हिशेब मांडून पाहा. दिवसाचे चोवीस. कॉलेज आणि क्लासचे सहा. अंघोळ, जेवण, मेसपर्यंत जाणं-येणं, घरी फोन, यांत तीन. आठ तास झोप. उरले सात. सातच. यापुढचा प्रत्येक तास झोपेतून काढलेला आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेचे अभ्यासक सांगतात. लॉस एंजेलिसमधल्या ५३५ शाळकरी मुलांच्या रोजच्या नोंदी घेऊन केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रात्री मुलांनी झोप कमी करून नेहमीपेक्षा जास्त अभ्यास केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना वर्गात शिकवलेलं समजायला आणि चाचणीत लिहायला जास्त अडचण आली. जागून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशीच अंगाशी येतो, असा त्याचा साधा अर्थ. एमआयटीमध्ये केमिस्ट्री शिकणाऱ्या मुलांच्या मनगटावर झोप मोजणारे पट्टे बांधून २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: परीक्षेच्या आदल्या रात्रीची एकच झोप गुणांशी जुळत नव्हती, त्याआधीच्या कित्येक आठवड्यांची नियमित झोप जुळत होती. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. ज्या मुलाची झोप तुम्ही कमी करता, त्याचा दिवसभराचा अभ्यासही तुम्ही कमी करता.

भल्या पहाटे चारला उठवून थंड पाण्याने तोंड धुवायला लावणाऱ्या बापाच्या मनात माया असते हे मला ठाऊक आहे. तरी सांगते, उठवू नका. तो अकराला झोपला असेल तर सातला उठू द्या.

क्लासच्या वेळांविषयीही पालकांनी तोंड उघडायला हवं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, फार पहाटे किंवा रात्री उशिरा नकोत, आठवड्याला एक सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, असं त्यांत स्पष्ट आहे. फी भरताना हप्ते किती ते आपण विचारतो, तसंच हेही विचारा: रविवारी टेस्ट आहे, मग सुट्टी कोणत्या वारी? टेस्टनंतर पेपर उलगडून सांगायला कोण बसतं, किती वेळ? डाउट विचारायला रांग किती असते? बॅचमध्ये दीडशे मुलं असतील तर शेवटच्या बाकावरच्या मुलाचं नाव कुणाला माहीत असतं?

आता घरात काय बोलायचं. संध्याकाळच्या फोनवर 'आज किती तास झाले?' हा प्रश्न आला की मूल तास सांगायला शिकतं. अकरा म्हटलं की आई खूश, सात म्हटलं की शांतता. मग सातचे अकरा होतात, आणि मुलाला दोन ओझी होतात, अभ्यासाचं आणि खोटं निभावण्याचं. त्याऐवजी विचारा: आज काय अडलं? कालचं काय आठवलं? तुम्हाला फिजिक्स येत नसलं तरी चालेल. मुलीला म्हणा, हृदयातून रक्त कसं फिरतं ते मला सांग. ती समजावून सांगू लागली की कुठे अडखळते ते तिचं तिलाच कळेल. दहावी झालेली आई एवढं नक्की करू शकते, आणि ते कुठल्याही क्लासपेक्षा कमी नाही.

'तुझ्यासाठी रान गहाण टाकलंय' हे वाक्य मात्र कधीही उच्चारू नका. मुलाला ते माहीत असतं. रात्री अभ्यासिकेत वही उघडी ठेवून तो त्याचाच विचार करत बसलेला असतो.

तासांचा हट्ट धरून बसलेल्या घरांमध्ये एक गोष्ट नजरेआड होते: मूल बिघडत चाललंय हे दिसत नाही, कारण ते अजून बसलेलं असतं. जेवण सुटलं, मेसचा डबा न उघडता परत जाऊ लागला, केस गळतात, फोन उचलत नाही, 'माझ्यात दमच नाही' असं हसत हसत म्हणतं, मित्रांशी बोलणं बंद झालं, तर अभ्यास बाजूला ठेवा आणि घरी न्या, किंवा तुम्ही जाऊन राहा. चार दिवसांनी नीट बुडत नाही. टेली-मानसची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. मुलाच्या फोनमध्ये आणि तुमच्याही फोनमध्ये तो क्रमांक टाकून ठेवा. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. तिच्या वडिलांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निकाल दिला, त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असं सांगितलं आहे. तुमच्या कॉलेजात, क्लासमध्ये तो आहे का, कुठल्या खोलीत बसतो, एवढं प्रवेश घेतानाच विचारून ठेवा.

राहिला रिपीटचा प्रश्न. निकालानंतरच्या आठवड्यात रडारड चालू असताना हा निर्णय घेऊ नका आणि 'या वेळी जास्त तास बसेन' या आश्वासनावर तर मुळीच घेऊ नका. चुकांची वही काढा. धडे वाचूनच झाले नव्हते म्हणून गुण गेले असतील, आजारपण किंवा घरातलं काही आड आलं असेल, टेस्टचे आकडे शेवटपर्यंत वर चढत असतील, तर एक वर्ष देण्याला अर्थ आहे. पण वर्षभर पूर्ण अभ्यासक्रम होऊन, तीसेक टेस्ट देऊन आकडा एकाच ठिकाणी थांबलेला असेल, तर त्याच पद्धतीचं आणखी एक वर्ष तोच आकडा देण्याची शक्यता जास्त. पद्धत काय बदलणार हे मुलाला कागदावर लिहायला सांगा. ते लिहिता आलं तर बोलू. आणि दुसऱ्यांदा रिपीट करण्याआधी मुलाला एकट्याला बसवून विचारा, तुला हवंय का. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा, मध्ये बोलू नका.

एमबीबीएसशिवायचे पर्यायही हाताशी असू द्या. बारावीत असतानाच एमएचटी-सीईटीचा पीसीबी ग्रुपचा फॉर्म भरा, त्यावर बी. फार्मसीचा रस्ता खुला राहतो. बीएससी नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिच्या तारखांवर लक्ष ठेवा. नीटच्याच गुणांवर बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकचे प्रवेश होतात. त्यांच्या नोंदणीच्या तारखा वेगवेगळ्या असतात आणि एमबीबीएसच्या पुढच्या राउंडची वाट पाहता पाहता त्या निघून जातात. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल ही कागदपत्रं परीक्षेच्या आधीच्या दिवाळीत तयार ठेवा. तहसीलच्या चकरा बापाने माराव्यात, मुलाला त्यात ओढू नये. त्याला त्या वेळात दुपारची झोप घेऊ द्या.